एक टाळी उशिरा

ब्रायर फोर्कला जाण्यात हेरंब धुरीचा फायदा एकच होता, पण असा की बाकीचे सगळे तोटे त्यापुढे किरकोळ वाटावेत. नेब्रास्का राज्यातल्या त्या गावात तीन वर्षं नोकरी केली, की अमेरिकेचं कायमचं कार्ड हातात. एरवी त्या कार्डासाठी आपल्या लोकांची जी रांग लागलेली होती, तिच्यात हेरंबचा नंबर येईपर्यंत त्याच्या मुलाचं लग्न होऊन गेलं असतं, आणि मुलगा अजून जन्मालाही आलेला नव्हता.

तोट्याच्या बाजूला त्याने प्रामाणिकपणे सगळं मांडलं. कढीपत्ता दोन तासांच्या अंतरावर. मराठी बोलायला फक्त बायको. हिवाळ्यात नाकातला केससुद्धा गोठतो.

"आणि बंदुका कुठल्या बाजूला मांडल्यास?" केतकीने विचारलं.

"त्या सगळीकडेच आहेत. दोन्ही बाजूंनी कटतात."

केतकी नर्स होती. हे उत्तर तिला पटलं नाही, पण गावच्या दवाखान्याला नर्सची निकड होती आणि तिला रांगेचा नवऱ्याहून जास्त कंटाळा आला होता. दोघं आली.

सरकार एवढं उदार झालं होतं, त्यालाही कारण होतं. गेल्या काही वर्षांत एका जत्रेत गोळीबार झाला होता, मग दोन शाळांत, एका बाजारात, एका प्रार्थनास्थळात. लोक नुसतं गावाचं नाव घेत आणि समोरचा मान खाली घाली. त्या देशात लहान गावाचं नाव एकदा असं मोठं झालं, की पुन्हा लहान होत नसे. म्हणून 'शांत गाव' नावाचा कायदा आला, निवडक गावांत एक यंत्र बसवायचं ठरलं, आणि ते सांभाळायला हेरंबसारखे आवाजाच्या शास्त्रात मुरलेले लोक हवे होते. इथल्या लोकांना लहान गावात जायचं नव्हतं. हेरंबला कुठेही जायचं होतं.

पहिल्याच दिवशी शेजारचा ड्वेन हॉलक्विस्ट बिटाच्या लोणच्याची बरणी घेऊन दारात उभा राहिला. सत्तरीकडे झुकलेला, एकटा, जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. बायको गावच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती, आणि महिन्याभरात ती गेली तेव्हा तिच्या उशाशी नर्स म्हणून केतकीच होती.

"काही लागलं तर या," तो म्हणाला. "दार उघडं असतं. बंदुका तळघरात आहेत, अकरा. तू शिकार करतोस का, हेरी?"

"नाही."

"मासे?"

"खातो."

"चालेल," असं म्हणून ड्वेनने त्याला शेजारी म्हणून मंजूर करून टाकलं. बरणी परत करताना तिच्यात केतकीचा चिवडा होता, चिवड्याची बरणी परत आली तेव्हा तिच्यात मध होता, आणि त्यानंतर ती बरणी रिकामी अशी कधी कुणी पाहिली नाही.

•

यंत्राचं नाव 'किलडिअर'. हा तिथल्या माळावरचा पक्षी, आपल्या टिटवीच्याच भाऊबंदांतला. अंडी उघड्या जमिनीवर घालतो आणि कुणी जवळ आलं की ओरडून रान डोक्यावर घेतो. तरीही कुणी हटलं नाही, तर एक पंख मोडल्याचं सोंग आणतो आणि लंगडत लंगडत शत्रूला घरट्यापासून दूर नेतो.

"कमाल आहे," केतकी म्हणाली होती. "यांच्या पाखराच्या नावातसुद्धा 'किल'!" घरात दोघं त्याला टिटवीच म्हणत.

टिटवी गावातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर बसलेली होती. ती शब्द ऐकत नसे. माणूस काय बोलतो ते ऐकायचं नाही, कसं बोलतो एवढंच मोजायचं, अशी अट वकिलांनी घालून ठेवली होती. गंमत अशी, की शास्त्रज्ञांना त्याहून जास्त काही नकोच होतं.

कारण शोध लागला होता तो असा. दोन माणसं मनापासून बोलायला लागली, की नकळत एकमेकांच्या चालीवर येतात. एकाचा श्वास जिथे थांबतो तिथे दुसऱ्याचा थांबतो, एकाने वेग वाढवला की दुसऱ्याचा वाढतो. आई आणि तान्हं बाळ, जुने मित्र, जमलेले नवरा-बायको, सगळ्यांचं असंच होतं. पण चांगल्या घोळक्यात ही चाल सतत मोडतही असते. कुणी मध्येच तोंड घालतं, कुणाला विनोद उशिरा कळतो, कुणी जांभई देतं. हल्ले करणाऱ्या टोळ्यांची जुनी ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की शेवटच्या काही आठवड्यांत हे मोडणं बंद झालेलं असतं. आवाज चढत नाही, उलट निवळतो. शिव्या थांबतात. सगळे एका चालीत बोलायला लागतात, आणि उशिरा हसणारा माणूस त्यांच्यात उरलेलाच नसतो.

ही जुळणी टिटवी मोजत असे. ती ठरावीक रेषेच्या वर गेली की गावाच्या नकाशावर त्या जागी लाल ठिपका उमटे, आणि तो नकाशा गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर असे. नागरिकांना माहिती मिळण्याचा हक्क आहे, असं कायदा म्हणत होता. ती मिळाल्यावर नागरिक काय करतील, याबद्दल कायदा गप्प होता.

पहिल्या महिन्यात गावाला गोवर उठल्यासारखे ठिपके उठले. रविवारी तिन्ही चर्च लाल. रोज सकाळी शाळा लाल, कारण मुलं छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणत. शुक्रवारी फुटबॉलचं मैदान लाल. गोधड्या शिवत गुणगुणणाऱ्या म्हाताऱ्यांचं मंडळ तर असं लालभडक, की शेरीफ स्वतः जाऊन आला आणि सोबत एक गोधडी घेऊन परतला.

हेरंबने यावर तोड काढली. प्रत्येक प्रार्थनेची, प्रतिज्ञेची, आरोळीची चाल ध्वनिमुद्रित करून त्याने एक माफी यादी बनवली. त्यातली चाल कानावर आली, की टिटवी कान मिटून घेई. ठिपके विझले, हेरंबचं नाव झालं, राज्यभरच्या गावांनी ती यादी उचलली.

"आणि आपली आरती?" केतकीने विचारलं. "आपलं गाऱ्हाणं?"

"आपल्या देवाची शिफारस आपणच कशाला करायची?" हेरंब म्हणाला. "वर्षातून एक दिवस तर असतं. उगाच नजरेत भरायला नको."

दुसऱ्याच्या पानात आग्रहाने वाढायचं आणि स्वतःच्या पानावर आडवा हात धरायचा, ही खोड जगात इतरांनाही असेल. पण ती करताना एवढं समाधान वाटणारी माणसं आपल्याकडेच.

•

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला त्याला एक गोष्ट दिसली. ड्वेनचा मुलगा कोडी गावाच्या टोकाला शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या कोठारात आठवड्यातून दोनदा 'रखवाले' म्हणवणारी माणसं जमत. गावाचं रक्षण करायचं, असं ते म्हणत. कुणापासून, ते विचारायची रीत नव्हती. हेरंब त्यांना ओळखत होता. बर्फात गाडी रुतली तेव्हा त्यांच्यापैकीच दोघांनी ढकलून दिली होती, आणि "मॅम, आपला दिवस चांगला जावो," असं केतकीला म्हणाले होते. तेव्हा दोघांच्याही खांद्याला रायफल होती. आपल्याकडे अंगावर ओरडणारा माणूस बहुधा पुढे काही करत नाही. इथे आवाज न चढवणाऱ्याकडेच नीट पाहावं लागतं, हे हेरंब हळूहळू शिकला होता.

त्या कोठाराची जुळणी शून्य येत होती. शून्य! बायकोशी अबोला धरलेल्या माणसाच्या घरातही शून्य येत नसे. हेरंबने नुसती चाल काढून पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं, की ही माणसं बैठकीच्या सुरुवातीला झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात, शेवटी म्हणतात, आणि मधलं सगळं बोलणंही त्याच चालीत करतात. टिटवीला वाटत होतं, शाळा भरली आहे. तिचे कान मिटायला हेरंबनेच शिकवलं होतं.

तो मार्लीन ऑस्ट्रँडरकडे गेला. ती जिल्ह्याच्या बाजूने हे काम पाहणारी बाई, कामाला पक्की, हाताला सुगरण.

"यादीला भोक आहे," हेरंब म्हणाला.

मार्लीनने सगळं ऐकून घेतलं. मग बशी पुढे सरकवली. "हेरी, तुझं कार्ड कधी येतंय?"

"पुढच्या मार्चमध्ये."

"आणि ते कशावर येतंय?"

ते यादीवर येत होतं. बिनचूक काम केल्याचा दाखला जोडल्याशिवाय कार्ड मिळत नसे.

"मग मार्चमध्ये बोलू," मार्लीन म्हणाली. "वडी घे. रुबार्बची आहे, आंबट देठांची."

त्याने वडी घेतली. चांगली होती, हे त्याला नंतर बरेच दिवस खटकत राहिलं.

•

गणपती त्यांच्याकडे गॅरेजमध्ये बसत. आजूबाजूच्या शहरांतून आठ-दहा कोकणी कुटुंबं यायची, तेवढी माणसं घरात मावायची नाहीत. मग गॅरेजचा दरवाजा वर करायचा, गाड्या बाहेर काढायच्या, आणि देव रस्त्याकडे तोंड करून बसायचे.

आदल्या वर्षी ड्वेन आला होता. आरतीला त्याने टाळ्या वाजवल्या, पण एकही टाळी इतरांबरोबर पडली नाही. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे तुमच्या 'आमेन'सारखं आहे, असं सांगितल्यावर तो खूश झाला आणि सगळ्यांचं म्हणून संपलं की एकटाच गडगडला, "होऽय माराजा!" पोरं हसून लोळली. ड्वेनला वाटलं, आपण फार छान म्हटलं. पुढच्या वेळी त्याने जास्तच जोर लावला.

या वर्षी कुडाळहून दाजीकाका स्वतः आले होते. हेरंबचे चुलते, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे. ड्वेन हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचा 'दिवाण' केला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं तासन् तास बोलत. काका मालवणीत पिकाची विचारपूस करत, ड्वेन इंग्रजीत गुडघ्याची तक्रार सांगे, आणि दोघांचंही समाधान होई.

पण गणपतीच्याच दिवशी कोडीच्या मुलीचा, एमीचा, वाढदिवस आला. "केक कापला की येतो," ड्वेन सांगून गेला. "माझं 'माराजा' राखून ठेव."

संध्याकाळी, उन्हं कलली असताना, काकांनी नारळ हातात घेतला आणि आवाज लावला.

"बा देवा गणराया! आज ह्या परमुलखात ह्या लेकरांनी तुझी जी काय वाकडी-तिकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराचेर कोणाची वाकडी नजर आसात, तर ती थयच्या थय परती फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या हेरंबाक मार्च म्हयन्यात ता काय कार्ड गावाचा आसा, ता बिनबोभाट गावांदे रे म्हाराजा!"

हसू फुटायला हवं होतं. पण काकांच्या आवाजात असं काही होतं, आणि तिथे उभ्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी त्या रांगेत असं अडकलेलं होतं, की सगळं गॅरेज एका दमात, एका श्वासात उठलं, "व्हय म्हाराजा!"

आणि खिशाखिशांतले फोन एकदम थरथरले. गावच्या नकाशावर लाल ठिपका उमटला होता. प्रत्येकजण उभा होता तिथेच.

हेरंबने मार्लीनला फोन लावला.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "दोन रस्ते आहेत. तुमची प्रार्थना यादीत घालायची तर समितीची बैठक पुढच्या महिन्यात. आत्ता विझवायचा तर तुला जाहीर करावं लागेल की यंत्र चुकलं. मग सगळी यादी तपासणीला जाईल. तुला ठाऊक आहे पुढे काय ते."

ठिपका तासाभराने आपोआप विझतो, हे हेरंबला ठाऊक होतं. एक तास, की सगळा जन्म रांगेत? हिशोब फार सोपा होता, आणि सोप्या हिशोबाचा मोह त्याला लहानपणापासून होता.

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

तासातला थोडाच वेळ गेला असेल. चार पिकअप गाड्या कोपऱ्यावरून वळल्या, सावकाश, दिवा दाखवून, नियमाने, आणि घरासमोर ओळीत उभ्या राहिल्या.

•

माणसं उतरली, कोडी पुढे. सगळ्यांच्या हातात रायफली, तोंड जमिनीकडे.

"गुड इव्हनिंग, मॅम," कोडी केतकीला म्हणाला. "आम्ही फक्त पाहायला आलोय. नकाशावर आलं म्हणून. सगळ्यांनी हात दिसतील असे ठेवावेत, म्हणजे कुणाचा गैरसमज होणार नाही."

मागच्या माणसाने तेच, त्याच चालीत पुन्हा म्हटलं. त्याच्या मागच्यानेही. हेरंबच्या कानाला ती चाल ओळखता आली. शाळा भरली होती.

मग त्याचं लक्ष मागे गेलं. गॅरेजमधली सगळी मुलं नाहीशी झाली होती. ती मखराच्या मागे, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडावर हात धरून रांगेत बसली होती. कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं. गोळीबार झाला तर काय करायचं ते शाळेत दर महिन्याला शिकवतात, तसं त्यांनी केलं होतं, सगळ्यात लहानीनेसुद्धा. मोठी माणसं मात्र आरतीचं तबक हातात धरून तशीच उभी होती. त्यांच्या शाळेत हे शिकवलेलं नव्हतं.

"काय म्हणतत ते?" दाजीकाकांनी विचारलं.

"काका, हात वर करा."

"कित्याक? माझ्या हातात नारळ आसा."

"त्याच्या हातात काय आहे?" एक रखवाला म्हणाला, आणि त्याच्या रायफलचं तोंड जमिनीवरून थोडं वर आलं.

तेवढ्यात ड्वेनचा जुना ट्रक हिरवळीवरूनच आत घुसला. ड्वेन उतरला. त्याच्या डोक्यावर वाढदिवसाची कागदी शंकूसारखी टोपी होती, हनुवटीखाली रबर, गालाला गुलाबी क्रीम. तो बंदुका आणि गॅरेज यांच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला, काकांकडे वळला आणि सगळी ताकद लावून ओरडला,

"होऽय माराजा!"

कुणालाच काय करावं ते कळेना.

"पॉप, बाजूला व्हा," कोडी तोच मऊ आवाज ठेवून म्हणाला.

"तू केक कापायच्या आधी निघून आलास."

"पॉप, हे महत्त्वाचं आहे."

"ती तुझ्यासाठी थांबली होती. मेणबत्त्या वितळून केकवर पडल्या, कोडी. मेण खाल्लं मी."

"नकाशावर लाल आलंय, पॉप."

"नकाशावर!" ड्वेन म्हणाला. "अरे, ही बाई तुझ्या आईच्या उशाशी बसली होती. तेव्हा कुठला नकाशा पाहिला होतास?"

कोडीचा जबडा हलला, पण पाय हलले नाहीत. मागची माणसं एकेक पाऊल पुढे आली, सगळी एकदम. ड्वेनने ते पाहिलं. त्याने एकवार मुलाकडे पाहिलं, एकवार मखराकडे, आणि मग त्याचा एक पाय विचित्र ओढला गेला. त्याने हात धरला, दोन पावलं लंगडला, गॅरेजपासून दूर, हिरवळीच्या टोकाकडे, आणि तिथे धप्पकन बसला.

"पॉप!"

केतकी सगळ्यांच्या आधी पोचली. तिने मनगट धरलं. नाडी घड्याळासारखी चालली होती. ड्वेनने पकडलेला हात उजवा होता. त्याचा एक डोळा किलकिला होऊन तिच्याकडे पाहत होता.

केतकीने आयुष्यात कधी रोग्याबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. ती मान वर करून ओरडली, "हार्ट आहे! गाडी आण! कोडी, उभा काय राहिलास, उचल त्यांना!"

आईला जाताना जिने सांभाळलं, तिच्यावर कोडीचा विश्वास होता. त्याने रायफल दुसऱ्याच्या हातात कोंबली, बापाला उचललं आणि गाडी भरधाव निघाली. केतकी सोबत गेली. मागे उरलेले रखवाले एकमेकांकडे पाहू लागले. एकाने घसा खाकरला. एक म्हणाला, "काय करायचं?" दुसरा म्हणाला, "मला वाटतं..." आणि तिसरा त्याच वेळी बोलला, "माझी बायको..." एकाला शिंक आली. हेरंबने त्यांची चाल मोडताना स्वतःच्या कानांनी ऐकली.

"नारळ," दाजीकाका मोडक्या इंग्रजीत म्हणाले आणि समोरच्यापुढे तो धरला. "कोकोनट. ईट."

गाड्या एकेक करून गेल्या. जाताना दिवा दाखवायचं दोघं विसरले.

हेरंबने फोन उचलला. तास अजून संपायचा होता. वाट पाहिली असती तर कार्ड वाचलं असतं. मुलं मखरामागून अजून बाहेर आली नव्हती.

"मार्लीन," तो म्हणाला, "यंत्र चुकलं. यादी माझी, चूक माझी. आणि कोडीच्या कोठारातला शून्य खोटा आहे. लिहून घे."

"मार्च सहाच महिन्यांवर आलाय, हेरी."

"लिहून घे, मार्लीन."

•

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तपासून सांगितलं, की सर, तुमचं हृदय तुमच्या मुलापेक्षा ठणठणीत आहे. कोडी उठला.

"तुम्ही उजवा हात धरला होतात, पॉप," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

यादी रद्द झाली आणि त्याच आठवड्यात कोठाराची जुळणी टोकाला गेली. शेरीफला आत जे नकाशे सापडले, त्यांच्यावर धुऱ्यांच्या घरासोबत गावातल्या आणखीही घरांवर हल्ल्याच्या खुणा होत्या. चौघांना अटक झाली. कोडी त्यांच्यात नव्हता, कारण त्या संध्याकाळपासून तो कोठाराकडे फिरकलाच नव्हता. त्याने कोठारासकट दुरुस्तीचं दुकान विकलं आणि बायको-मुलीला घेऊन दूर आयडाहो राज्यात गेला. पत्ता बापाला दिला नाही.

यंत्राला माणूस कळत नाही म्हणतात. हेरंबने नोकरी सोडण्यापूर्वी शेवटचं काम म्हणून आदल्या वर्षीच्या गणपतीचं ध्वनिमुद्रण काढलं. जुळणी रेषेच्या खाली होती. मग त्याने त्यातून एकच आवाज वगळला, उशिरा पडणाऱ्या टाळ्यांचा आणि गडगडणाऱ्या 'माराजा'चा. ठिपका लगेच उमटला. म्हणजे आदल्या वर्षीसुद्धा त्यांना ड्वेननेच वाचवलं होतं, आणि ते केवळ त्याला ताल कळत नव्हता म्हणून.

हेरंबने हे सगळं यादीच्या चौकशीच्या सुनावणीत सांगितलं. माणसं एका सुरात आली म्हणून भिऊ नका, तो म्हणाला, चुकीच्या जागी टाळी वाजवणारा त्यांच्यात उरलाय का, एवढं पाहा. काहींनी ते लिहून घेतलं.

आभार मानायला तो ड्वेनकडे गेला, तर ड्वेन लोणच्यासाठी बीट सोलत होता.

"कसले आभार," तो म्हणाला. "त्या केकला रंग फार होता. मला निमित्त हवंच होतं."

"ड्वेन, एमी..."

"बरणी आण जा, हेरी."

पुढच्या गणपतीला कोपऱ्यात शेरीफ बसला होता, मांडीवर प्रसादाचा द्रोण घेऊन. मार्लीन वड्या घेऊन आली होती. काका कुडाळहून पडद्यावर होते. ड्वेन सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या ओळीत उभा होता. शेवटी काकांनी दम घेतला आणि गाऱ्हाण्यात एक ओळ घातली, जी आधी कुणाला ठाऊक नव्हती.

"आणि आमच्या ह्या दिवाणाची नात परतान त्याच्या घराक येवंदे रे म्हाराजा!"

गॅरेजमधल्या कुणाचाही आवाज वेळेवर निघाला नाही. एकट्या ड्वेनला शब्द कळले नव्हते, त्यामुळे त्या दिवशी तो एकटाच अगदी वेळेवर, मोठ्याने म्हणाला,

"होऽय माराजा!"

मग त्याने शेजारी वाकून विचारलं, "काय मागितलं आपण?"

हेरंबच्या हातात त्याची तीन महिन्यांची मुलगी होती, त्या घरातली पहिली अमेरिकन. त्याने ती ड्वेनच्या हातात दिली, आणि मग सांगितलं.

ड्वेनने मान हलवली. बाळाने त्याचं बोट धरलं होतं, ते त्याने सोडवून घेतलं नाही.

आता बेरीज एवढीच राहते. मखरामागची मुलं मोठी होत आहेत. गावाचं नाव लहान ते लहानच राहिलं. कोडीला तुरुंग मिळाला नाही. हेरंबने कार्ड घालवलं आणि केतकीच्या नोकरीच्या आधारावर गावातच राहून तो रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला, पण घर भरलेलं ठेवून. किंमत म्हणून खरी माणसं गेली ती एकाच घरातून, ड्वेनच्या, आणि त्या घराचं दार अजून उघडंच असतं.